कागदावर नसलेली माणसं

घराण्याचा इतिहास म्हटलं की सनद, वतन, तलवार आणि वाड्याचा पडका बुरूज असंच काहीतरी डोळ्यांपुढं येतं. आमच्या नांदूरघाटात असं काही ज्यांच्याकडे आहे ती घरं मोजकीच. बाकी आम्ही सगळी कोरडवाहू जमिनीची, दुष्काळ सोसलेली, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांची माणसं. शाळेतून निवृत्त झाल्यावर गावातल्या काही जणांसोबत मी घराण्यांचा इतिहास गोळा करायला बसले. एक निवृत्त तलाठी, उर्दू शिकवलेले एक गुरुजी, औषधाच्या दुकानातला एक तरुण, गावातल्या काही लेकी-सुना. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. कधी ओसरीवर बसतो, कधी देवळाच्या सभामंडपात. या बैठकांनी मला जे शिकवलं ते इथं लिहिते आहे. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या एका गावाचा हा अनुभव. तुमच्या गावाचा थोडाफार वेगळा असेल.

१. सरकारी कागद आधी शेताला ओळखतो, मग माणसाला. तहसीलच्या अभिलेख कक्षात नुसतं आजोबांचं नाव घेऊन गेलं तर हाती काही लागत नाही. शेताचा नंबर घेऊन जावं लागतं, तोही आजचा गट नंबर पुरत नाही. एकत्रीकरणाच्या आधीचा सर्व्हे नंबर लागतो. तो मिळाला की सातबाऱ्यावरून फेरफार, त्या फेरफारातून मागचा फेरफार, असं एकेक पायरी मागं उतरत जायचं. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक, १९५१ ची कुळ नोंदवही, पाहणी पत्रकं आणि भूमी अभिलेख कार्यालयातलं शेतवार पत्रक ही आमची मुख्य साधनं. यांत सगळ्यात बोलका असतो तो वारसाचा फेरफार. कोण वारलं, केव्हा, मागं कोण कोण उरलं, त्यांतलं कोण अज्ञान होतं आणि त्याची पालनकर्ती म्हणून कोणत्या बाईचं नाव लागलं, हे सगळं चार ओळींत असतं. आमचे तलाठीभाऊ एक गोष्ट पहिल्यापासून सांगत आले आहेत: नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं दिसली की घाईनं पान उलटायचं नाही. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे घरातला कर्ता भाऊ. बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांच्या मागं उभे असतात आणि ते कागदावर येतात थेट वाटणीच्या दिवशी. पण ज्याच्या नावावर कधी वावरच नव्हतं त्याचं काय? आमच्या एका बैठकीत एका म्हाताऱ्यानं हे अगदी शांतपणे विचारलं. त्याच्यासाठी या कपाटांत जवळपास काहीच नाही. आमची पुढची सगळी धडपड त्या प्रश्नामागं आहे.

२. आपल्याच पणजोबांचा कागद वाचायला आपल्याला शेजाऱ्याची गरज लागते, हे मला फार मोलाचं वाटतं. निजामाच्या राज्यात १८८४ साली फार्सीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. गावच्या हिशेबात मोडी होतीच. त्यामुळे आमच्याकडच्या एखाद्या जुन्या पेटीत मोडीतली कर्जरोख्याची चिठ्ठी, उर्दूतलं खरेदीखत आणि बाळबोध अक्षरातली लग्नाची याद एकाच रुमालात बांधलेली सापडते. तारखा तर आणखी वेगळ्या. फसली सालात ५९० मिळवायचे की इसवी सन येतो, पण हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून महिना पाहिल्याशिवाय साल पक्कं करता येत नाही. आजूर, दै, बहमन ही त्या महिन्यांची नावं आता आमच्या गटातल्या पोरांनाही पाठ आहेत. १३५७ फसली म्हणजे पोलीस ॲक्शनचं साल, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ कागद जागेवर बसतात. शके असेल तर ७८ मिळवायचे. रक्कम ‘हाली सिक्का’ लिहिलेली असेल तर ती निजामाच्या चलनातली.

गुरुजी उर्दू घसीट, म्हणजे भरभर ओढलेल्या अक्षरातलं लिखाण वाचतात तेव्हा आधी कागद डोळ्यांजवळ नेतात, मग लांब धरतात, मग एकेक शब्द मोठ्यानं उच्चारतात. एका खरेदीखतात त्यांनी चतुःसीमा वाचली. पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस तमक्याचं. पूर्वेकडचं नाव ऐकताच मागं बसलेला एक गडी उभा राहिला. ते त्याच्या खापरपणजोबांचं नाव होतं, आणि त्याच्या स्वतःच्या घरात त्या पिढीचा एकही कागद उरलेला नाही. त्या दिवसापासून आम्ही कोणताही दस्त चतुःसीमेसकट उतरवून घेतो. तुमचा पूर्वज तुमच्या पेटीत नसेल, तर बांधाला बांध लागलेल्या माणसाच्या पेटीत असू शकतो. ही पेटी उघडायची तर त्याच्याशी बोलणं चालू पाहिजे, आणि बांधाच्या शेजाऱ्याशी बोलणं चालू असणं ही आमच्या भागात लहान गोष्ट नाही.

मोडी शिकता येते. पुराभिलेख विभाग आणि काही संस्था तिचे वर्ग घेतात. शब्द तोडून लिहिलेले नसतात, ह्रस्वदीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे सुरुवातीला दमायला होतं. पण गावातली आडनावं आणि शेतांची नावं आपल्याला आधीच माहीत असल्यानं आपल्या गावची मोडी परक्या गावच्या मोडीपेक्षा लवकर वाचता येते. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. उर्दू घसीट वाचणारी माणसं मात्र झपाट्यानं कमी होत आहेत, आणि मराठवाड्याच्या गावांना सगळ्यात जास्त गरज त्यांचीच आहे.

३. सप्टेंबर २०२३ नंतर अख्खा जिल्हा आपापल्या पणज्याला शोधायला लागला. राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्यातून कोणाला काय मिळावं, हा आमच्या बैठकीचा विषय नाही. गटात सगळ्या बाजूंची माणसं आहेत. पण या शोधानं एक उपकार केला. माणूस कोणकोणत्या दफ्तरांत सापडू शकतो, त्याची भली मोठी यादी सरकारी हुकमानंच लोकांपुढं आली. शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर तर होतंच; शिवाय पोलिसांची गुन्हे नोंदवही, तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांची नोंदवही, ताडीच्या परवान्यांचं रजिस्टर, दुय्यम निबंधकाकडची खरेदीखतं, भाडेचिठ्ठ्या, बटाईपत्रं, दत्तकपत्रं. त्यामुळे भूमिहीन माणूस शोधायलाही दारं दिसली. गॅझेटियरबद्दल मात्र लोकांचा मोठा गैरसमज आहे. त्यात तुमच्या आजोबांचं नाव नसतं. लोकसमूहांची वर्णनं आणि आकडे असतात. १९६९ साली निघालेलं जिल्ह्याचं गॅझेटियर, तेव्हा जिल्ह्याचं नाव ‘भीर’ असंच छापत, आम्ही वाचतो ते पीकपाणी, बाजार, यात्रा आणि जुने रस्ते समजून घ्यायला. शिरगणतीचंही तसंच. ब्रिटनमध्ये १९२१ च्या शिरगणतीचे घरोघरचे तक्ते २०२२ साली लोकांना खुले झाले. आपल्याकडे इतक्या शिरगणत्या झाल्या, पण त्यांचे आकडे छापले गेले आणि माणसांची नावं लिहिलेले मूळ तक्ते जपले गेले नाहीत.

४. आमच्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जूनला असतो. मराठवाड्यात वाढलेल्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही. पोरगं शाळेत घालायला बाप आला, जन्मतारीख ठाऊक नव्हती, गुरुजींनी अंदाजानं वर्ष धरलं आणि पुढं १ जून लिहिलं. मी स्वतः शाळेच्या रजिस्टरावर वर्षानुवर्षं काम केलं आहे आणि त्या तारखांकडे पाहून मला अजून वाईट वाटत नाही. त्या तारखांनी पुष्कळ पोरांना पहिलीत बसवलं. पण घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यानं त्या तारखेवर इमारत उभी करू नये. वय विचारण्याची आमची रीत वेगळी आहे. रझाकारांच्या वेळी तुम्ही चालत होता का, पोलीस ॲक्शनच्या वक्ताला कडेवर कोण होतं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का, सुकडी खाल्लेली आठवते का, किल्लारीच्या भूकंपाला, म्हणजे १९९३ ला, तुमचं थोरलं नातवंड केवढं होतं. एक आजी म्हणाल्या, “दुष्काळात माझं दुसरं बाळंतपण झालं माय, तगाराचं वझं उचलत हुते तवा सातवा लागलेला.” रजिस्टरातली तारीख आणि आजीचं हे वाक्य यांत विसंगती आली तर मी आजीचं वाक्य आधी लिहिते आणि तारीख तिच्याखाली.

५. काही घराण्यांच्या वह्या गावात नाहीतच, त्या तीर्थक्षेत्री आहेत. तुळजापूरला घराण्यागणिक पुजारी ठरलेले असतात. त्र्यंबकेश्वर, पैठण, पंढरपूर इथले उपाध्ये आपल्या यजमानांच्या नोंदी ठेवत आले. कोण आलं, कोणाबरोबर आलं, मुलांची नावं काय, आणि लिहिता येत असेल त्याची सही. तिथं आडनावाच्या आधी गाव विचारतात, म्हणून मूळ गाव कोणतं याची घरातली आठवण आधी चाचपून मगच जावं. पणजोबांची मोडीतली सही पाहून आमच्या गटातला एक जाणता माणूस बराच वेळ काही बोलला नव्हता. कुलदैवतावरून मूळ गाव ठरवण्याची मात्र घाई करू नये. आमच्या जवळच्या अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता आहे, आणि ती माणसं डोंगर-घाट ओलांडून दर्शनाला येतात. तांड्यावरच्या लमाण बांधवांकडे लिखित वही नसली तरी त्यांच्या ढाडींनी पिढ्यांची नावं गाऊन सांभाळली आहेत. ते गाणं ध्वनिमुद्रित करून घेणं हे आमच्या यादीत आहे आणि ते अजून राहिलं आहे.

६. जुन्या कागदांत बाई सगळ्यात स्पष्ट दिसते ती आपला हिस्सा सोडते त्या दिवशी. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थांबतो. माझ्या सासूबाईंच्या आईचं नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई लहान असतानाच त्या गेल्या होत्या. उरलं होतं ते ‘आई’ एवढंच. आम्ही त्या आईच्या माहेरच्या गावचे फेरफार काढले तेव्हा हक्कसोडीच्या एका नोंदीत ते नाव मिळालं. बापाच्या जमिनीतला वाटा भावांच्या नावे सोडलेला. शाईचा अंगठा, त्याच्याशेजारी लिहिणाऱ्यानं लिहिलेलं नाव. त्याआधीचा किंवा नंतरचा त्यांचा एकही कागद आम्हाला सापडलेला नाही.

महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं हक्क दिला. तरी आजसुद्धा शपथपत्राला जोडायची वंशावळ काढायला बसलं की कागदावर बाप, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे असं झाड उभं राहतं. त्या झाडाला आम्ही एक सक्तीचा नियम जोडला. आमच्या गटाच्या वंशावळीत लेकी येतात, त्यांची सासरची गावं येतात, सुनांची माहेरची नावं, माहेरची गावं आणि त्यांच्या आयांची नावं येतात. सुरुवातीला कुरकुर झाली. “एवढं लिव्हलं तर कागद पुरायचा न्हाई बाई,” असं एका बाप्पांनी मला सांगितलं. कागद खरंच पुरला नाही. आम्ही कागदाला कागद चिकटवला. आता तेच बाप्पा नवीन घरी गेलं की आधी सुनेचं माहेर विचारतात. हा नियम पाळल्यावर गावाचा नकाशा बदलतो. बापाच्या बाजूनं पाहिलं तर घराणं एका गावात गाडलेलं दिसतं. आयांच्या बाजूनं पाहिलं तर तेच घराणं केज, पाटोदा, धारूर, अंबाजोगाई, थेट पलीकडच्या धाराशिव जिल्ह्यापर्यंत पसरलेलं दिसतं.

७. स्वयंपाकघरातली फळी हे आमच्या गावातलं मोठं दफ्तर आहे. लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. हंड्यावर, घागरीवर, परातीवर कोणाला, कोणाकडून आणि कधी हे कोरलेलं असतं. मामानं दिलेलं, आत्यानं दिलेलं, आईच्या मैत्रिणीनं दिलेलं. सातबाऱ्यावर जिचं नाव कधी आलं नाही तिचं नाव पितळेच्या ताटाच्या काठावर असतं, आणि तारखेसकट असतं. आम्ही गटातल्या सुनांना घरोघर पाठवलं, कारण पुरुष माणूस फळीवरची भांडी उतरवून पाहायला लागला तर बरं दिसत नाही. मोबाइलवर फोटो घ्यायचे, अक्षरं पुसट असतील तर थोडी राखेची पूड चोळून वाचायचं. पण जुनी पितळी मोडीत घालून स्टील घ्यायचं वारं आमच्याकडे येऊन गेलं आहे आणि त्यात किती नावं वितळली असतील, कोण जाणे. म्हणून सांगते, भांडं मोडीत द्यायचं असेल तर द्या, पण आधी त्याच्यावरची अक्षरं लिहून ठेवा.

लग्नपत्रिकांचंही मोल तेवढंच. आमच्याकडच्या पत्रिकेत निमंत्रक, प्रेषक, मामाकुळ, व्यवस्थापक अशी नावांची रांग लागलेली असते. शहरातली माणसं त्यावर हसतात. मी मात्र तिच्यावरून तीन पिढ्यांची भावकी उभी केली आहे. नावामागचं ‘कै.’ पाहून एखादं माणूस कोणत्या दोन लग्नांच्या दरम्यान गेलं, तेही समजतं.

८. दळताना म्हटलेल्या ओव्यांत गावांची नावं असतात, भावांची असतात, वाटेवरच्या देवांची असतात. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत आमच्या बीड जिल्ह्यातलं माजलगावही आहे. तिथल्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या आणि आज त्या कोणालाही ऐकता येतात. त्या ऐकल्यावर आमच्या गावातल्या दोघी आज्यांनी आपण होऊन जातं मांडायला सांगितलं. नुसतं ‘ओवी म्हणा’ म्हटलं तर त्यांना आठवत नाही. खुंट्याला हात लागला की आठवते.

९. सगळं लिहायचं नसतं. कोणाचा पाट लागला होता, कोण दत्तक आलं, कोणाला रातोरात गाव सोडावं लागलं, कोणाचं नाव गुन्ह्याच्या नोंदवहीत आहे, हे शोधता शोधता समोर येतं आणि त्यातली माणसं नसली तरी त्यांची नातवंडं समोर बसलेली असतात. शिवाय आमच्या भागात कागद काढायला निघालेल्या माणसाकडे लोक आधी संशयानंच पाहतात. “कुनाच्या वावराचा उतारा काढायला आलात?” हा प्रश्न आम्हाला पुष्कळ घरांनी विचारला, आणि तो रास्त आहे, जमिनीचे तंटे असेच एखाद्या उताऱ्यावरून पेटलेले लोकांनी पाहिले आहेत. म्हणून आम्ही कोणाच्याही जमिनीच्या वादात कागद देत नाही, घरच्या माणसाला विचारल्याशिवाय नक्कल काढत नाही, आणि हयात माणसाबद्दलचं काहीही त्याच्या होकाराशिवाय बैठकीत वाचत नाही. एका घरातल्या काकूंनी सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, “ह्ये तुमच्या पोटात ऱ्हाऊ द्या.” ते आमच्या वहीत नाही.

१०. उसानं आमच्या माणसांना कुठं कुठं नेलं, हे लिहिणं मला सगळ्यात अवघड गेलं आणि सगळ्यात गरजेचं वाटतं. १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर करारावर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत नेले जात. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती, बरीचशी कोकणपट्टीतली. त्या प्रत्येकाची नोंद झाली. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, गाव, जिल्हा, जात, उंची, अंगावरच्या खुणा, पुढं पुढं तर फोटोसुद्धा. ती रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत, आणि मजूर जिथं उतरत तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्या नोंदी माणसांवर पाळत ठेवायला केलेल्या होत्या, मायेनं केलेल्या नव्हत्या. तरीही त्यांच्या आधारानं मॉरिशसमधल्या एखाद्या मराठी घराला आपलं मूळ गाव शोधता येतं.

आमच्या गावातून, आमच्या तालुक्यातून दरवर्षी माणसं उसाकडेच जातात. सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटकातलं बेळगाव. मुकादमाकडून उचल घ्यायची, बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरायचा, फडाच्या कडेला कोपी घालायची आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत यायचं. कित्येक पोरं त्या कोपीत जन्मली आणि काही म्हातारी माणसं तिथंच गेली. त्याची नोंद गावातल्या कोणत्याही रजिस्टरात नाही. असेलच तर मुकादमाच्या वहीत. आणि त्या वहीत हिशेब माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा. कोयत्यापुढं नाव नवऱ्याचं. पहाटे उठून त्याच्या बरोबरीनं ऊस तोडणारी, मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी बाई त्या वहीत कुठंच नाही.

आता थकून घरी बसलेल्या एका मुकादमाला आम्ही त्यांच्या जुन्या वह्या दाखवायची विनंती केली. उचलीचे आकडे आम्ही उतरवून घेणार नाही, हे कबूल केल्यावर ते तयार झाले. हंगाम, कारखाना, टोळीतली नावं एवढंच उतरवलं. मग ती नावं घेऊन घरोघर गेलो आणि प्रत्येक कोयत्यापुढं बाईचं नाव लिहिलं. ती हयात असेल तर तिनं सांगितलेलं, नसेल तर लेकीनं किंवा सुनेनं सांगितलेलं. त्या हंगामात पोटाशी कोण होतं, फडावर कोण जन्मलं, गावात म्हाताऱ्यापाशी कोणती पोरं ठेवली होती आणि त्यामुळे कोणाची शाळा सुटली, हेही लिहिलं. आमच्या गटानं केलेल्या कामांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच तक्ता. ‘थोरल्याचा जन्म कुठं झाला’ या प्रश्नाला ‘फडावर’ एवढंच उत्तर असायचं, तिथं आता कारखान्याचं नाव आणि हंगामाचं साल आहे. कोकणस्थ घराण्यांचे छापील कुलवृत्तांत मी आदरानं वाचले आहेत, त्यांची शिस्त आम्ही शिकलो. पण आपल्या भाषेत ऊसतोड कामगाराच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघायला हवा, आणि तो बीड जिल्ह्यातून निघायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

११. हे काम करायला फार काही लागत नाही, पण जे लागतं ते वेळेवर लागतं. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं नावं लिहावीत. बॉलपेनाचा दाब पुढं उमटतो. जुना कागद लॅमिनेट करू नये, तो कायमचा बिघडतो. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा आणि फोनवर काढलेला फोटो दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडेही पाठवून ठेवावा. बोलणं ध्वनिमुद्रित करताना सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं पूर्ण नाव मोठ्यानं म्हणावं. मोठ्या माणसांना ‘आपल्या घराण्याबद्दल सांगा’ असं विचारू नये. असं विचारलं की ती गप्प होतात किंवा मोठमोठं बोलू लागतात. तुम्ही लहानपणी कोणापाशी झोपायचा, पहिली चूल कुठं मांडली, माहेराहून न्यायला कोण यायचं, असं विचारावं. आणि पितृपक्षात म्हाळ घालताना बाप, आजा, पणजा अशी तीन नावं घेतो, त्यांच्याशेजारी त्या तिघांच्या बायकांची नावं आणि माहेरं लिहून पाहावीत. जिथं लेखणी अडेल तिथून तुमचा शोध सुरू होतो.

टोळ्या दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. म्हणजे पावसाळ्याचे महिने हीच आमच्याकडे सगळी माणसं एकत्र भेटण्याची वेळ. तुमच्याही घरात, भावकीत, शेजारात फडावर जाऊन आलेली एखादी आजी असेल. या पावसाळ्यात तिच्यापाशी वही घेऊन बसा आणि पहिल्या ओळीत तिच्या आईचं नाव लिहा.